वृक्षाचा सातबारा

१९५६ सालच्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या आठव्या कलमात नव्या मुंबई राज्याला कोणकोणता मुलूख जोडावयाचा याची जी यादी दिली आहे, तीत औरंगाबाद, परभणी, बीड व उस्मानाबाद या सबंध जिल्ह्यांच्या मागोमाग आदिलाबाद जिल्ह्यातील काही तुकड्यांची नावे येतात. आणि किनवट व राजुरा या दोन अख्ख्या तालुक्यांच्या पंक्तीला बोथ तालुक्यातील केवळ एक 'सर्कल' नावानिशी बसविलेले आढळते, ते इस्लापूरचे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आसफजाही अंमल, त्यानंतर हैदराबाद राज्य, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र, अशी बारा वर्षांच्या आत या टापूवरची सरकारे बदलत गेली. खासरा-पहाणीचे उर्दू कागद मागे पडून मराठी उतारे आले, एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले. परंतु वेशीतल्या वडाने वा शिवारातल्या मोहाने या घडामोडींची काही दखल घेतली असेल असे वाटत नाही. आणि खेदाची गोष्ट ही, की दफ्तरानेही त्या वडाची वा मोहाची दखल सहसा घेतलेली नाही. शेताचा बांध हातभर सरकला तर मोजणीदार बोलावून पंचनामा करणारा आपला समाज, त्या बांधावरचे दोनशे वर्षांचे झाड एका दुपारीत आडवे झाले तर त्याच्या जन्माचा दाखला सोडाच, त्याच्या अस्तित्वाचा पुरावाही दाखवू शकत नाही.

झाडांची वाण मात्र या मुलखाला नाही. पैनगंगा सहस्रकुंडाच्या काळ्या खडकावरून खाली उतरते त्या परिसरात काठाकाठाने अर्जुन, आत गेले की साग, ऐन, धावडा, तेंदू, आणि मोकळ्या रानात पळस व मोह, अशी वनश्री आजही विरळ का होईना टिकून आहे. गोंडांचा बडादेव साजाच्या, म्हणजे आपल्या ऐनाच्या, झाडात वास करतो ही श्रद्धा, आणि कोणत्या मोहाची फुले कोणत्या घराने वेचावयाची हा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला अलिखित करार, या दोन गोष्टींनी जितकी झाडे राखली तितकी कोणत्याही खात्याच्या हुकुमाने क्वचितच राखली असतील. बाकी गावठाणात उरतात ती वड, पिंपळ, चिंच आणि लिंब. बाजाराच्या दिवशी चिंचेखाली पाल ठोकणाऱ्या माणसाला तिचे वय ठाऊक नसते, पण तिची सावली दुपारी कोणत्या अंगाला वळते हे तंतोतंत ठाऊक असते. आणि गावाचे व झाडाचे नाते पुष्कळदा अशाच ज्ञानावर चाललेले असते.

वयाचा विषय निघालाच आहे तर त्यातील एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. आपल्याकडे पुरुषभर उंचीच्या पाराचे कोणतेही झाड चारशे वर्षांचेच असते. फार तर रामायणकाळचे असते. त्याहून लहान ते असूच शकत नाही. झाडाचे वय खोडातील वलयांवरून मोजता येते हे शाळेत शिकविले जाते ते खरेच आहे, पण सर्व झाडांविषयी खरे नाही. सागात ऋतुमानानुसार दरसाल एक स्पष्ट वलय पडते, इतके स्पष्ट की गतकाळातील पर्जन्यमानाचा अभ्यासही सागाच्या वलयांवरून करता येतो; उलट वडाच्या लाकडात अशी भरवशाची वार्षिक वलये उमटत नाहीत, शिवाय वृद्ध वडाचे मूळ खोड आतून पोकळ झालेले असते, म्हणजे मोजावयाचे तेच नाहीसे झालेले. म्हणून वडाचे वय हा जुन्या कागदांचा, आठवणींचा आणि घेराच्या अंदाजाचा विषय आहे. घेर मात्र खोटे बोलत नाही. सातारा जिल्ह्यातील एका प्रचंड वडाची मोजणी १८८२ साली ली-वॉर्नर या अधिकाऱ्याने केली, तेव्हा त्याच्या विस्ताराचा परीघ १,५८७ फूट, उत्तर-दक्षिण लांबी ५९५ फूट आणि पूर्व-पश्चिम रुंदी ४४२ फूट भरली. त्या एका कागदामुळे तो वड इतिहासात आला; वयाचा दावा कोणी केला म्हणून नव्हे. संगमनेर तालुक्यातील पेमगिरीचा वड साडेतीन एकरांच्या आसपास पसरलेला आहे, तोही जाखाईच्या स्थानामुळे राखला गेला आणि विस्तारामुळे ओळखला गेला.

आता ज्या झाडाची गोष्ट सांगण्यासाठी हा सर्व प्रपंच, त्याच्याकडे वळतो. सांगली जिल्ह्यातील भोसे या गावी यल्लम्मा देवीच्या देवळाजवळ एक वड होता. लोक त्याला चारशे वर्षांचा म्हणत, आणि त्याचा विस्तार सुमारे चारशे चौरस मीटर होता. रत्नागिरीहून निघून सोलापूर, तुळजापूर, लातूर करीत आपल्या नांदेडवरून हदगाव, उमरखेडच्या वाटेने नागपूरला जाणारा जो महामार्ग आज आपल्या पायाखालचा झाला आहे, त्याच महामार्गाच्या आखणीत हा वड सापडला. २०२० च्या जुलैत तो तोडला जाणार हे कळताच गावकरी आणि वृक्षमित्र झाडाभोवती उभे राहिले. तत्कालीन पर्यावरण मंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना पत्र लिहिले. आणि या देशात विरळा घडणारी गोष्ट घडली: रस्त्याची आखणी बदलण्यात आली आणि वड वाचला. वृत्तपत्रांनी आनंद व्यक्त केला, आणि तो सार्थही होता. दोन वर्षे लोटली, २०२२ चा पावसाळा आला, आणि तोच वड कोसळला.

या घटनेवर दैवाला बोल लावून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात. काहींना तर तीत वृक्षप्रेमाची थट्टा करण्याची संधी दिसली. मला त्यात एक साधा, परंतु आपण सारे जिकडे डोळेझाक करतो असा प्रश्न दिसतो, तो हा की झाड वाचविले म्हणजे नेमके काय वाचविले? आपण खोड पाहतो, फांद्या पाहतो, पारंब्या पाहतो, आणि त्यांना कुऱ्हाड लागली नाही म्हणजे झाड वाचले असे समजतो; पण जिवंत झाडाचा अर्धा संसार जमिनीखाली असतो, आणि तो आपल्या समजुतीप्रमाणे खोल नसून उथळ आणि रुंद असतो. पाणी व अन्नद्रव्ये शोषून घेणारी बहुतेक बारीक मुळे वरच्या हात-दीड हात मातीत असतात, कारण प्राणवायू तेथेच मिळतो. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो ही गोष्ट शेतकऱ्याला सांगावी लागू नये, ज्याने पाणी तुंबलेल्या वावरात तुरीचे पीक पिवळे पडताना पाहिले आहे. ही मुळे फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पुष्कळ दूरवर धावतात. त्यांवरून अवजड यंत्र एकदा फिरले की मातीचे कण दबून हवेच्या पोकळ्या मिटतात; त्यांवर मुरुमाचा भराव पडला की गुदमरणे सुरू होते; आणि एका बाजूने चर खणला गेला की झाडाचे अन्न तर तुटतेच, शिवाय वादळात त्याला धरून ठेवणारे दोर त्या अंगाचे कापले जातात. मौज अशी की झाड लगेच काहीच बोलत नाही. साठविलेल्या अन्नावर ते एक, दोन, प्रसंगी पाच-सात पावसाळे काढते, पालवीही फुटते, आणि मग एखाद्या भिजलेल्या रात्री ते पडते तेव्हा खणणारा कंत्राटदार दुसऱ्या जिल्ह्यात असतो.

इंग्लंडात पुरातन वृक्षांजवळ बांधकामाची परवानगी मागितली असता तेथील सरकारी मार्गदर्शनात एक हिशेब लावतात: खोडाच्या व्यासाच्या पंधरा पट अंतर, किंवा फांद्यांच्या टोकापासून आणखी पाच मीटर, यांत जे अधिक असेल तेवढ्या त्रिज्येची जमीन मोकळी सोडावयाची. ज्या चिंचेचा घेर छातीच्या उंचीला सव्वासहा मीटर आहे तिचा व्यास दोन मीटर झाला, म्हणजे तिच्या चारी अंगांना तीस-तीस मीटर भूमी तिची स्वतःची. चौपदरी महामार्गासाठी संपादन होते ती पट्टी ४५ ते ६० मीटर रुंद असते हे ध्यानी घेतले म्हणजे रस्ता 'थोडासा वळवून' झाड वाचविण्यातला पोकळपणा उमगतो. भोशाचा वड खोडापुरता वाचविता येणारच नव्हता. वाचवावयाचा होता तो त्याच्याखालच्या जमिनीसह. किनवट, हिमायतनगर, भोकर हा आपला रस्ताही आता राष्ट्रीय महामार्गाच्या पंक्तीला बसला आहे, म्हणून हा हिशेब आपल्या कामाचा आहे.

परंतु साऱ्या अपराधाचे गाठोडे रस्त्याच्या माथी मारणे बरे नव्हे. गावातल्या गावात, प्रेमापोटी, आपण जुन्या झाडांचे जे हाल करतो ते कमी नाहीत. पूर्वीचा पार दगडमातीचा असे. दगडांच्या सांध्यांतून पाणी आत उतरे, हवा खेळे, आणि पाराखालची माती मऊ राही. आता सुशोभीकरणाचा निधी येतो आणि त्याबरोबर सिमेंट येते, फरशी येते, बुंध्याशी गळफास बसावा असा कठडा येतो, आणि लोकप्रतिनिधीच्या नावाची संगमरवरी पाटी येते. झाडाला ही सजावट मानवत नाही. पाटी खिळ्यांनी ठोकली तर प्रत्येक खिळा सालीखालच्या त्या पातळ, जिवंत पडद्याला भोक पाडतो, ज्यातून खोडाची जाडी वाढते. बुंध्याशी कचरा जाळणे हा त्याहून भयंकर प्रकार, कारण आच सालीच्या आत पोहोचते आणि एक बाजू कायमची मरते. वटपौर्णिमेला पूजा वडाची आणि बाजारात विकल्या जातात त्याच्या तोडलेल्या डहाळ्या, यावर आमच्या घरातील वडीलधाऱ्या बायकाच सर्वांत कठोर बोलत असत, म्हणून मी निराळे बोलत नाही.

ढोलीविषयीही असाच एक भ्रम आहे. झाड आतून पोकळ झाले की ते मेले असे मानून काही उत्साही मंडळी ढोलीत विटा-सिमेंट भरतात. वास्तविक खोडाचा मधला गाभा हे मृत लाकूडच असते; तो सडून गेला तरी बाहेरच्या जिवंत वलयावर झाड शतकानुशतके उभे राहू शकते, आणि पोकळ नळी ही भरीव काठीच्या मानाने फारशी दुबळी नसते हे सायकल बनविणाराही जाणतो. झाड आपली जखम आपणच आतून भिंत घालून वेगळी पाडते. सिमेंटचा गट्टू मात्र झाडासोबत डुलत नाही. तो आत घासतो, पाणी अडवून ठेवतो, आणि घुबडाचे घर मोडतो ते निराळेच. ढोलीला हात न लावणे, तुटक्या जड फांद्यांना आधार देणे, आणि बुंध्यापासून हातभर अंतर सोडून पाचोळ्याचे आच्छादन पसरणे, एवढ्याने पुष्कळ काम भागते.

आजार खरोखर बळावला तर काय करता येते याचे उदाहरण आपल्या जुन्या निजामी मुलखातच, तेलंगणात महबूबनगरजवळ, आहे. पिल्ललमर्री, म्हणजे लेकुरवाळा वड, असे त्या सुमारे सातशे वर्षांच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या, तीन एकरांवर पसरलेल्या वृक्षाचे नाव. त्याच्या फांद्यांवर झोके घेणाऱ्या पर्यटकांनी आणि आत शिरलेल्या वाळवीने तो इतका पोखरला की डिसेंबर २०१७ मध्ये त्याची एक मोठी फांदी कोसळली. वनखात्याने प्रथम खोडात कीटकनाशक टोचून पाहिले, ते बाहेर वाहून आले. मग रुग्णाला लावतात तशा सलाइनच्या बाटल्या फांद्याफांद्यांना टांगून क्लोरपायरिफॉसचे सौम्य द्रावण थेंबाथेंबाने आत सोडण्यात आले, झुकलेल्या फांद्यांखाली आधाराचे खांब उभारले गेले आणि माणसांना दूर ठेवण्यात आले. शेकडो बाटल्या लावलेल्या वडाचे ते छायाचित्र देशभर गाजले. पण माझ्या मते त्यांतील खरा उपचार शेवटचा होता.

हावड्याजवळच्या शिबपूर येथील वनस्पती उद्यानातील महावटाची कथा याहून बोधक. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांनी त्याचे मुख्य खोड जखमी केले, जखमेत बुरशी शिरली, आणि अखेर १९२५ साली ते खोडच काढून टाकावे लागले. तरीही आज तो वड हजारो पारंब्यांच्या बळावर एखाद्या वनासारखा उभा आहे. तेथील माळ्यांनी पारंब्यांना बांबूच्या पोकळ नळ्यांतून वाट दाखवून जमिनीपर्यंत आणले. त्याच्याभोवती ३३० मीटरचा रस्ता बांधला होता; झाड तो ओलांडून पलीकडे गेले. मधले खोड नाही आणि झाड मात्र आहे, हे दृश्य ज्याने एकदा पाहिले त्याला वड म्हणजे खोड नव्हे हे पुन्हा समजवावे लागत नाही.

कायदा मात्र अजून खोडच पाहतो. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांसाठी झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ साली झाला. २०२१ मध्ये त्यात सुधारणा होऊन पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला 'हेरिटेज' वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि असे झाड तोडणे अपरिहार्य ठरले तर त्याच्या वयाच्या वर्षांइतकी रोपे लावण्याचे बंधन आले. चारशे वर्षांच्या वडाबदली चारशे रोपे, हा हिशेब कागदावर चोख दिसतो. म्हाताऱ्या आजीच्या बदल्यात चारशे तान्ही बाळे पाळण्यात घालून घर चालेल असे समजण्यासारखेच ते आहे. शिवाय हा कायदा महापालिका व नगरपालिकांच्या हद्दीपुरता. इस्लापूरसारख्या ग्रामपंचायतीच्या गावाला लागू पडतो तो १९६४ चा वृक्षतोड विनियमनाचा कायदा, ज्याच्या अनुसूचीत साग, मोह, चिंच, आंबा, ऐन, जांभूळ अशी झाडे नावानिशी आहेत. वड आणि पिंपळ नाहीत. ज्यांना कोणी तोडणार नाही असे तेव्हाच्या कायदेकर्त्यांना वाटले असावे, तीच झाडे आज रस्त्याकडेला सर्वांत आधी पडतात. हैदराबादहून विजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर चेवेळ्ळापाशी नऊशेच्या वर वडांचा जो प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला, तो याच जातीचा.

झाडाची किंमत ठरविण्याचा प्रयत्नही झाला आहे. पश्चिम बंगालमधील जेसोर रोडवरच्या ३५६ झाडांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये एका झाडाचे मोल दरसाल ७४,५०० रुपये धरले, आणि शंभरीपलीकडच्या वृक्षाचे मोल एक कोटीहून अधिक होऊ शकते असे म्हटले. २०२३ मध्ये ती झाडे तोडण्याची वाट मोकळी झाली. मोल ठरले म्हणून माल राखला जातो असे नाही, हे बाजार करणाऱ्याला ठाऊकच असते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, आरमाराला लाकूड हवे असताही रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, कारण ती एक-दोन वर्षांत होणारी झाडे नव्हेत, लेकरांसारखी वाढविलेली असतात, असे जे धोरण सांगितले आहे, त्यात हाच मुद्दा अधिक नेमका आला आहे: झाड पुन्हा मिळते, त्यात गेलेला काळ मिळत नाही.

मग गावाने काय करावे? २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही राखावयाची असते; तीत गावच्या जुन्या वृक्षांची नोंद घेण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही. त्याच कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली राज्य शासन एखादे स्थळ जैवविविधता वारसा म्हणून जाहीर करू शकते. कर्नाटकात देवनहळ्ळीजवळच्या नल्लूर येथील पुरातन चिंचांचे बन २००७ साली असे जाहीर झालेले देशातील पहिले स्थळ ठरले, आणि आपल्या राज्यात आलापल्लीच्या जुन्या सागवानांचा सहा हेक्टरांचा तुकडा २०१४ साली. दोन्ही ठिकाणी जाहीर झाली ती जमीन, हे विसरता कामा नये. गावठाणातला वड एकटा असेल, त्याला बन नसेल. तरीही ग्रामसभेच्या ठरावात झाडाचे नाव लिहिताना त्याच्याभोवतीची मोकळी जागा मीटरांत लिहिली, ती गावाच्या नकाशावर वर्तुळाने दाखविली, आणि तलाठ्याच्या दफ्तरात त्या गटाच्या उताऱ्यावर शेरा पडला, तर उद्या रस्त्याची आखणी करणाऱ्याला ती अगोदर दिसेल. जेसीबी येऊन उभा राहिल्यावर झाडाला मिठी मारण्याची वेळ येणार नाही.

नोंदीसाठी लागते ते अल्प आहे. जमिनीपासून एक मीटर सदतीस सेंटिमीटर, म्हणजे साडेचार फुटांवर, बुंध्याला न ताणता वेढा घेणारी सुतळी. ती टेपावर ठेवून आलेला घेर. चारी दिशांना फांद्या कोठवर जातात त्याची पावले. ढोल्या किती, खिळे किती, पार मातीचा की सिमेंटचा. आणि गावातील दोन म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या लहानपणी ते झाड केवढे होते असे विचारून लिहून घेतलेले उत्तर. वडाची मोजणी कधीही करता येते. मोहाची करावयाची झाल्यास फाल्गुन-चैत्रात करावी. तेव्हा पाने गळून गेलेली असतात, फांद्यांची टोके उघडी दिसतात, आणि पहाटे फुले वेचायला आलेल्या बाया टेपाचे दुसरे टोक धरतात.